पन्नास टक्क्यांवरचा उंचवटा

मंगळवारी सकाळी साडेदहाला पन्नास टक्क्यांचा बिंदू खाली आला. आठ महिन्यांपूर्वी तो कागदावर जिथं होता, तिथून बोटभर खाली. बोटभर म्हणजे काय मोठं, असं वाटेल तुम्हाला. पण त्या बोटभरावर सरांची तीस वर्षांची कारकीर्द उभी होती, आणि धाकटीचा प्रबंधही तिथंच टेकलेला होता.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी. वय बत्तीस, केसांत चार-दोन पांढरे, तरी घरी ती धाकटीच. प्रयोगशाळेत मात्र तिला स्टॉपवॉच म्हणत. हे नाव ठेवलं काचवाल्यांनी. काचवाले म्हणजे शेजारच्या खोलीत बसून ज्योतीवर काचेच्या नळ्या वाकवणारे, फुटलेलं जोडून देणारे आणि फोडणाऱ्याला मनसोक्त बोल लावणारे एक गृहस्थ. पाच वर्षांत धाकटीच्या हातून एकही भांडं फुटलं नव्हतं, त्यामुळे तिच्यावर तोंडसुख घेता येत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती.

तिचं काम समजायला काही फार अवघड नाही, उगाच बिचकू नका. धातूंची दोन संयुगं, एक लोखंडाचं, एक कोबाल्टचं. दोन्ही विरघळवून एकत्र ओतली की लोखंडवालं संयुग कोबाल्टवाल्याला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. संपलं. प्रश्न एवढाच की किती वेगानं देतं. ते ज्यात विरघळवलंय त्यावर हा वेग ठरतो. नुसत्या पाण्यात तो चांगला झपाट्याचा असतो. पाण्यात अ‍ॅसिटोन मिसळलं, तेच ते नखांचा रंग पुसायचं, की वेग मंदावतो. आणखी मिसळलं की आणखी मंदावतो. दर पाच टक्क्यांना एक मिश्रण, प्रत्येक मिश्रणाचा एक बिंदू, आणि बिंदू जोडले की डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी रेघ. कुणाही शहाण्या माणसाला वाटेल की ही रेघ सरळ उतरणार.

सरांना तसं वाटत नव्हतं. ते तीस वर्षं एकच गोष्ट सांगत आले होते. त्यांचं म्हणणं असं, की दोन द्रावक बाटलीत सारखे मिसळलेले दिसतात, पण संयुगाच्या अगदी लगत ते सारखे नसतात. कोबाल्टचं संयुग पाण्याला जवळ बसवून घेतं आणि अ‍ॅसिटोनला लांब ठेवतं. भरलेल्या खोलीत माणूस ओळखीच्यांना शेजारी बसवतो, तसं. म्हणून निम्मं अ‍ॅसिटोन घातलं तरी संयुगाला आपण पाण्यातच आहोत असं वाटणार, आणि वेग हवा त्यापेक्षा जास्त राहणार. परिषदांमधून लोक हे ऐकून घेत, मान डोलावत आणि चहाला जात. कारण दाखवायला सरांकडे काही नव्हतं.

मग आठ महिन्यांपूर्वी धाकटीच्या ग्राफवर तो उंचवटा आला. पस्तीस टक्क्यांपासून बिंदू रेघेच्या वर सरकायला लागले, पन्नासला सगळ्यांत वर, आणि सत्तरला एकदम पुन्हा रेघेवर. एकदम का, याचंही उत्तर सरांनी आठवड्याभरात शोधलं. माणसाला हवं असलं की उत्तर सापडतं. काचवाले त्या उंचवट्याला टेंगूळ म्हणत. सर रागावत, पण मनातून खूश असत. त्या दिवसापासून सर जिना चढताना गुणगुणायला लागले होते.

शुक्रवारी सर निवृत्त होणार होते. त्या दिवशी त्यांचं निरोपाचं व्याख्यान होतं आणि शेवटचं चित्र म्हणून तो उंचवटा होता. त्याच दुपारी लेखही छापायला पाठवायचा होता. मधल्या काळात कोबाल्टचं संयुग संपलं होतं. ते नव्यानं करायला, शुद्ध करायला महिने गेले, ते गेल्या आठवड्यात तयार झालं. तेव्हा सर म्हणाले होते, एक पन्नासचा बिंदू पुन्हा घेऊन टाक, म्हणजे चित्राखाली ताजी तारीख घालता येईल. तेवढंच. हौसेखातर.

आणि तो बिंदू रेघेवर जाऊन बसला.

तिनं भांडी धुतली, नवं मिश्रण केलं, पुन्हा मोजलं. पुन्हा रेघेवर. तिसऱ्यांदाही तिथंच, इकडचं तिकडं नाही.

अशा वेळी माणसाच्या पायाखालची जमीन सरकते म्हणतात. हिची सरकली नाही. गेले आठ महिने हिला कशानंच काही होत नव्हतं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी ही कामावर हजर झाली होती. जेवत होती, झोपत होती, वजन तेवढंच होतं. वहिनी सगळ्यांना सांगे, धाकटी फार खंबीर आहे हो. खंबीर कसली, बधिर झाली होती. दुःख नव्हतं असं नाही. पण ते शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असल्यासारखं ऐकू यायचं. आवाज यायचा, शब्द लागत नसत.

तर तिनं निमूटपणे चूक शोधायला घेतली. अ‍ॅसिटोनची बाटली बदलली. तराजू तपासला. ज्या पाण्यात फ्लास्क बुडवून ठेवतात, त्याचं तापमान दोन थर्मामीटरनी पाहिलं. नवं संयुग जुन्यासारखंच आहे ना, तेही पाहिलं. बारा वाजेपर्यंत सगळं पाहून झालं आणि सगळं बरोबर निघालं. आजचं सगळं बरोबर, म्हणजे चूक तेव्हाची. हे कळायला काही फार अक्कल लागत नाही. पण फळीवरून जुनी वही काढायला तिला आणखी अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात तिनं स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसला.

ते पान तिनं आठ महिन्यांत उघडलं नव्हतं. गरजच पडली नव्हती. वेगाचे आकडे यंत्रातून परस्पर कॉम्प्युटरवर जात, सर ग्राफ बघत, पान वहीत पडून राही.

अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. एकही खाडाखोड नाही. वेळ, मिश्रणाची टक्केवारी, तीन मोजण्या, आणि शेवटी एक अरुंद रकाना, बबलरचा.

बबलरबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोम तिथंच आहे. हवेतल्या ऑक्सिजननं हे काम बिघडतं, म्हणून मोजण्याआधी फ्लास्कमधून वीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात, ऑक्सिजन निघून जातो. पण नायट्रोजन तसाच कोरडा सोडला तर तो जाताना अ‍ॅसिटोनही घेऊन जातो, कारण अ‍ॅसिटोनला उडून जायला निमित्तच हवं असतं. म्हणून नायट्रोजन आधी एका छोट्या बाटलीतून नेतात. तो बबलर. त्याच्यात फ्लास्कमधलंच मिश्रण भरायचं. पोट भरून आलेला नायट्रोजन मग फ्लास्कमधलं काही उचलत नाही. मिश्रण बदललं की बबलरही बदलायचा, प्रत्येक वेळी, न चुकता. बदलला की रकान्यात बरोबरची खूण. पाच वर्षांत धाकटीच्या वहीत ती खूण नाही असं झालं नव्हतं.

पंचवीसला खूण होती. तीसला होती. पस्तीसला नव्हती. चाळीसला नव्हती. पासष्टपर्यंत सात ओळी, आणि सातही ओळींत तो रकाना रिकामा होता. सत्तरची ओळ चार दिवसांनंतरची, तिथं खूण पुन्हा होती. पन्नासच्या ओळीत वेळ लिहिली होती, १.५०.

धाकटीनं त्या १.५० वर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं.

त्या दिवशी अकरा वीसला दादाचा फोन आला होता. फोन बाहेरच्या खोलीत ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम. ही तेव्हा तीसचं काम संपवून बबलर धूत होती. पाण्यानं भरला होता, ओतून द्यायचा आणि नवं मिश्रण घालायचं, एवढंच बाकी होतं. फोन वाजला म्हणून तो तसाच ठेवून ती बाहेर गेली. दादा म्हणाला, डॉक्टर म्हणतात आता काही खरं नाही, तू निघ. ती म्हणाली, निघते.

आणि निघाली नाही.

का निघाली नाही, हे मला विचारू नका, तिलाही सांगता आलं नसतं. याआधी तीनदा असाच फोन आला होता. तिन्ही वेळा ती सगळं टाकून धावली होती आणि तिन्ही वेळा आई उशीला टेकून बसलेली, हिलाच विचारत होती, एवढी घाबरीघुबरी का झालीस म्हणून. शिवाय पस्तीसचं मिश्रण तयार होतं. कोबाल्टचं संयुग एकदा विरघळवलं की त्याच दिवशी वापरावं लागतं, दुसऱ्या दिवशी टाकून द्यायचं. एवढा एक बिंदू घेऊन निघू, असं तिनं ठरवलं. आत येऊन बबलर उचलला आणि जोडला. त्यात धुवायचं पाणी होतं, ते तिनं पाहिलंच नाही. एक बिंदू झाला. मग वाटलं, अजून एक. दादाशी बोलून आत आली तेव्हापासूनच तिच्या आत काहीतरी बंद पडलं होतं, आणि हात तेवढे चालू होते. हातांना पाच वर्षांची सवय होती. चार वाजता पासष्टचा बिंदू घेऊन ती बाहेर गेली. फोनवर दादाचे नऊ कॉल येऊन गेले होते, एकही तिच्या कानावर आला नव्हता. आई एक पन्नासला गेली होती.

अकरा तीसची बस धरली असती तर दीडला पोचली असती. हा हिशेब तिनं तेव्हाच केला, बस थांब्यावर उभ्या उभ्या. घरी पोचली साडेसहाला. दादाला म्हणाली, पहिली बस चुकली, पुढची भरून गेली. दादानं काही विचारलं नाही. पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, जाऊ दे, तुझा काय दोष.

आता ती वहीवरून उठली. बबलर घेतला, त्यात मुद्दाम साधं पाणी भरलं आणि पन्नासचं मिश्रण लावलं. वीस मिनिटं बुडबुडे बघत बसली. मग मोजलं. बिंदू वर गेला. आठ महिन्यांपूर्वी जिथं होता तिथंच, तिसऱ्या आकड्यापर्यंत तोच.

म्हणजे संयुगानं पाण्याला जवळ बसवलं वगैरे काही नव्हतं. त्या दिवशी फ्लास्कमध्ये पाणी खरोखरच जास्त होतं, कारण अ‍ॅसिटोन उडून गेलं होतं. तिन्ही मोजण्या छान जुळल्या होत्या, जुळणारच, तिन्ही एकाच फ्लास्कमधल्या. उंचवटा खोटा होता. तो तिनं केला होता.

तेवढ्यात दारात सर. हातात कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा, चेहरा कसा खुललेला. खोली आवरून आवरून शर्टाला धूळ लागली होती. त्यांनी विचारलं, "आला का पन्नास?"

"आला," धाकटी म्हणाली.

खोटं म्हणाल तर खोटं नव्हे. बिंदू आला होता, वरही आला होता, खालीही आला होता. सर म्हणाले, छान, छान, ताजी तारीख टाक मग. आणि गुणगुणत गेले.

त्या क्षणी सगळं तिच्या हातात होतं. आजचे खालचे बिंदू कुणी पाहिले नव्हते. जुनी वही कुणी उघडत नव्हतं. शुक्रवारी टाळ्या पडल्या असत्या, लेख गेला असता, तिचा प्रबंध पुढच्या महिन्यात मान्य झाला असता. कधीतरी, कुठल्यातरी गावात, कुणीतरी हेच मोजायला बसलं असतं आणि त्याची रेघ सरळ आली असती. पण तोवर सर घरी बागेला पाणी घालत असते. सरांना दुखवायचं नव्हतं, हे खरं. तो माणूस पाच वर्षांत तिला चढा शब्द बोलला नव्हता.

पण तो "आला" तिच्या कानात राहिला. कारण तो आवाज तिच्या ओळखीचा होता. याच आवाजात, असाच सपाट, ती दादाला म्हणाली होती, बस चुकली. हे लक्षात आल्यावर तिला बसवेना. शौर्य वगैरे म्हणू नका, बसवेना एवढंच. तिनं वही काखेत मारली आणि जिना चढून सरांच्या खोलीत गेली.

खोलीत खोकीच खोकी. पुस्तकांवर सुतळ्या बांधून झाल्या होत्या. टेबल तेवढं मोकळं होतं. तिनं वही उघडून टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं. आज तीनदा खाली आला. साध्या पाण्याचा बबलर लावला की वर येतो. त्या दिवशी सातही वेळा बबलरमध्ये साधं पाणी होतं. उंचवटा नाहीये.

सर आधी परीक्षक झाले. वय झालं तरी ती खोड जात नाही. अ‍ॅसिटोन कुठलं, तापमान किती, संयुग तेच कशावरून. तिनं एकेक उत्तर दिलं. मग ते खाली आले, बाह्या दुमडल्या, आणि दहा-बारा वर्षांनी स्वतःच्या हातानं मिश्रण केलं. पिपेट धरताना बोटं जरा अडखळली. एकदा बरोबर बबलर लावून, एकदा पाण्याचा लावून, दोन्ही बिंदू त्यांनी घेतले आणि पेन्सिलीनं कागदावर मांडले. मधल्या दारात येऊन काचवाले उभे राहिले होते. टेंगूळ बसलं की काय, असं काहीतरी ते बोलणार होते, पण सरांचा चेहरा पाहून शहाण्यासारखे परत गेले.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ कागदाकडे बघत होते. मग हसले, आणि ते हसू मध्येच कुठंतरी राहून गेलं.

"आठ महिने तू मला नाचू दिलंस," ते म्हणाले.

त्यांना लागलं होतं, आणि लागलं ते दिसत होतं. तीस वर्षं एक गोष्ट डोक्यात घेऊन फिरायचं, ती एकदा डोळ्यांनी दिसते, आणि दिसते ती बाटलीतल्या पाण्यामुळे. तिला वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण सरांनी नुसता खिशातून पेन काढला आणि वही तिच्याकडे सरकवली.

त्या प्रयोगशाळेत वहीचं पान फाडत नसत, रबर लावत नसत, पांढरं फासत नसत. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी कारण लिहायचं, तारीख घालायची. मग दोन सह्या. एक चुकणाऱ्याची, एक पाहणाऱ्याची.

धाकटीनं पट्टी घेऊन सात ओळींवर सात रेघा मारल्या. शेजारी लिहिलं, बबलरमध्ये साधं पाणी राहिलं.

सरांनी वाचलं. "हे काय झालं ते लिहिलंस. का झालं?"

"विसरले, सर."

"सात वेळा?" सरांचा आवाज चढला नव्हता. "पाच वर्षांत तू एकदा विसरली नाहीस. कारण लिहायचं ते पुढच्याला कळावं म्हणून. विसरले हे कारण नव्हे."

मग ते वहीवर वाकले आणि पानाच्या वरची तारीख वाचली. थोडा वेळ मनाशी काही जुळवत राहिले. ती कामावर परत आली होती तेव्हा त्यांनी तिला म्हटलं होतं, आणखी थोडे दिवस घरी थांब, आणि ती नको म्हणाली होती. त्यांना तो आठवडा आठवत असावा.

"हा त्याच आठवड्यातला दिवस आहे," ते म्हणाले.

"त्याच दिवशीचा आहे, सर."

पेन तिच्याच हातात होता. तिनं पान जरा तिरकं केलं, कारण समासात जागा थोडी होती, आणि बारीक अक्षरात लिहायला लागली. तिचं अक्षर तसंच सुबक आलं, याचा तिलाच राग आला. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाचा तरी राग आला. तिनं लिहिलं:

११.२० ला दादाचा फोन आला की आईचं आता काही खरं नाही, निघ. मी निघते म्हटलं आणि निघाले नाही. आत येऊन न पाहता धुण्याच्या पाण्याचा बबलर जोडला. १.५० ला आई गेली. मी चार वाजेपर्यंत मोजत होते. घरी बस चुकली म्हणून सांगितलं.

तारीख घातली. सही केली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सगळं वाचलं. एवढं लिहायची गरज नव्हती, असं ते म्हणाले नाहीत. खाली सही करायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. मग वही मिटून त्यांनी तिच्याकडे दिली आणि सांगितलं की शुक्रवारी ते सरळ रेघच दाखवतील, आणि ती का सरळ आहे तेही, फक्त बबलरपर्यंत. बाकीचं पान वहीत राहील. लेख जाणार नाही. तुझा प्रबंध लांबेल, सहा महिने तरी, तयारी ठेव. हे सगळं ते एखादी यादी वाचावी तसं बोलले. दारापर्यंत गेले, आणि तिथं भिंतीला हात लावून थोडे उभे राहिले. त्यांना ते फार जड गेलं, हे धाकटीला पाठीवरूनही दिसलं. जाताना ते म्हणाले, "दादाला सांग आता."

ती बाहेरच्या खोलीत आली. ड्रॉवर उघडला, फोन घेतला. दुपारचे साडेचार झाले होते. दादा कामावर असणार, तरी उचलेल हे तिला माहीत होतं. तो तिचा फोन नेहमी उचलतो.

दादानं उचलला. तिनं प्रस्तावना वगैरे काही केली नाही.

"दादा, त्या दिवशी बस चुकली नव्हती. मी निघालेच नव्हते. चार वाजेपर्यंत मी इथं काम करत होते."

पलीकडे मागं कुणीतरी दादाला काही विचारत होतं, त्यानं त्याला थांब म्हटलं. मग दार बंद झाल्याचा आवाज आला. दादा रागावेल, असं तिला वाटत होतं. खरं तर तिला ते हवंच होतं. इतके महिने तो हात पाठीवर होता, तो काढून घेतला तर बरं, असं वाटत होतं.

"निघते म्हणाली होतीस तू," दादा म्हणाला.

"हो."

"मी आईला तसंच सांगितलं. म्हटलं, धाकटी बसमध्ये बसली, येतेच आहे."

धाकटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. काही म्हणायचं म्हणून ती तोंड उघडत होती, पण दादा थांबला नव्हता. तो सावकाश बोलत होता.

"तिला बोलवत नव्हतं गं. तरी तिनं विचारलं, खिडकीजवळ जागा मिळाली का तिला, गाडी लागते तिला. मी म्हटलं, मिळाली. बरं म्हणाली. मग काही बोलली नाही."

धाकटी उभी होती ती खाली बसली, तिथंच, ड्रॉवरला पाठ लावून, फरशीवर. आणि तिला रडू आलं. आठ महिन्यांचं अडलेलं आलं, आणि असं आलं की तोंडावर हात दाबूनही आवाज थांबेना. शेजारच्या खोलीत काचवाल्यांनी ज्योत बंद केली आणि धावत आले. फोनवर दादा नुसता तिचं रडणं ऐकत होता, आणि मधूनमधून म्हणत होता, ऐकतोय मी, रड तू.